प्रार्थनेत मन थाऱ्यावर आणताना

‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’ म्हणून सुरुवात होते आणि रोजच्या भाकरीपर्यंत पोचेतो मन भलतीकडेच गेलेले असते. उद्याची बैठक, राहून गेलेला फोन, काल कुणीतरी मारलेला टोमणा. ओठ हलत असतात, शब्दही चुकत नाहीत, पण आपण कुणाशी बोलतो आहोत याचाच विसर पडलेला असतो. मनापासून प्रार्थना करणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाला हा अनुभव येतो. बरेच जण त्यावरून ठरवून टाकतात की प्रार्थना आपल्या प्रकृतीला मानवणारी नाही. मग वेळ कमी कमी होत जाते आणि एक दिवस प्रार्थना थांबते.

गेथशेमाने बागेतला प्रसंग अशा वेळी आठवावा. आयुष्यातल्या सर्वांत कठीण रात्री येशूने तिघा जवळच्या शिष्यांना सोबत नेले, जागे राहायला सांगितले, आणि ते झोपी गेले. घटकाभरही तुम्हांला माझ्याबरोबर जागता आले नाही का, असे त्याने विचारले. पण लगेच ‘आत्मा उत्सुक आहे खरा, तरी देह अशक्त आहे’ हेही तोच म्हणाला. त्यानंतर तो पुन्हा त्यांच्याकडे आला, आणि पुन्हा आला. आपल्या मनाची अवस्था त्याला ठाऊक आहे. तो आपल्याला त्या अवस्थेतच सोबत बोलावतो.

पुढे जी पद्धत मांडतो आहे ती एवढ्याच आधारावर उभी आहे. ख्रिस्ती प्रार्थनेत मन रिकामे करायचे नसते. समोर कुणीतरी आहे, त्याच्याकडे वळायचे असते. आणि मान दुसरीकडे गेली की पुन्हा वळायचे असते. पंधरा मिनिटांत वीस वेळा मन भटकले आणि वीस वेळा तुम्ही देवाकडे परत आलात, तर ती पंधरा मिनिटे वाया गेली असे मी म्हणणार नाही. तुम्ही देवाकडे वीस वेळा वळलात. काही दिवस हीच प्रार्थना असते.

वेळ ठरवून ठेवा, आणि सुरुवातीला थोडीच ठेवा

‘जमेल तेव्हा प्रार्थना करीन’ असे ठरवले की रोज नव्याने निर्णय घ्यावा लागतो, आणि निर्णयाच्या त्या क्षणी दुसरे कुठलेही काम अधिक तातडीचे वाटते. जर्मन धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरने १५३५ मध्ये आपल्या ओळखीच्या एका न्हाव्याला प्रार्थना कशी करावी हे पत्राने लिहून कळवले होते. त्यात त्याने याच फसव्या विचारापासून सावध केले आहे: थोडे थांब, तासाभराने प्रार्थना करू, आधी हे एवढे उरकून घेऊ. एका कामातून दुसरे निघते आणि त्या दिवशी प्रार्थना होतच नाही. जवळपास पाचशे वर्षांत यात काहीही बदललेले नाही.

वेळ कोणती असावी याबद्दल फार ताठर राहू नका. येशू पहाटे अंधार असतानाच उठून एकांतात गेल्याचे मार्काच्या शुभवर्तमानाच्या पहिल्या अध्यायात आहे, म्हणून अनेकांना पहाटच योग्य वाटते. ज्याला पहाटे जाग येते त्याच्यासाठी ती उत्तम आहेच. पण रात्रपाळी करणाऱ्याने किंवा तान्ह्या बाळाच्या आईने त्यावरून स्वतःला दोष देत बसू नये. जुन्या करारातला संदेष्टा दानिएल दिवसातून तीन वेळा गुडघे टेकत असे. स्तोत्र ५५ मध्ये संध्याकाळ, सकाळ आणि दुपार अशा तिन्ही वेळा येतात. दिवसातल्या ज्या वेळी तुम्ही जागे असता आणि तुमच्याकडे कुणी काही मागत नसते, ती वेळ निवडा.

पंधरा मिनिटे पुरेत, पण ती पूर्ण करा. गजर लावा, म्हणजे घड्याळाकडे बघत राहावे लागणार नाही. आविलाची संत तेरेझा प्रार्थनेच्या विषयातली मोठी शिक्षिका मानली जाते, आणि तिनेच लिहून ठेवले आहे की कित्येक वर्षे तिचे लक्ष तास कधी संपतो आणि घड्याळाचा ठोका कधी पडतो याकडेच असे. तरीही ती बसून राहिली. येशूसंघाचा संस्थापक असलेल्या लोयोलाच्या इग्नाशियसचा सल्ला याहून कडक आहे: प्रार्थना कोरडी जात असेल आणि लवकर उठावेसे वाटत असेल, त्या दिवशी ठरलेल्या वेळेपेक्षा किंचित जास्त थांबावे. हा सल्ला मला फार मोलाचा वाटतो. कंटाळ्याला एकदा वेळ कापू दिली की दुसऱ्या दिवशी तो आणखी लवकर येतो.

जागा आणि फोन

मत्तयाच्या सहाव्या अध्यायात येशू सांगतो की खोलीत जा, दार लावून घे आणि गुप्तपणे पाहणाऱ्या पित्याची प्रार्थना कर. आज लावायचे पहिले दार म्हणजे फोन. तो उपडा ठेवून किंवा त्याचा आवाज बंद करून भागत नाही, कारण हाताच्या अंतरावर असेपर्यंत मनाचा एक कोपरा त्याच्याकडेच असतो. तो दुसऱ्या खोलीत ठेवा. गजरासाठी साधे घड्याळ वापरा. पवित्र शास्त्र फोनवर वाचायची सवय असेल तर निदान या वेळेपुरते छापील पुस्तक घ्या. फोनवर वचन उघडायला जावे आणि वाटेत तीन संदेश वाचून व्हावेत, हे सगळ्यांच्याच बाबतीत घडते.

घरात आजारी माणूस असेल किंवा कामामुळे फोन बंद ठेवता येत नसेल, तर ज्यांचा फोन घ्यावाच लागेल अशा एकदोघांचाच आवाज येईल अशी सोय करा आणि फोन उठून जावे लागेल इतक्या लांब ठेवा. मग तो वाजलाच तर निःशंकपणे घ्या. गरजूची हाक ऐकणे हा प्रार्थनेचा भंग होत नाही.

स्वतंत्र खोली नसली तरी अडू देऊ नका. येशूला डोके टेकायला ठिकाण नव्हते. तो डोंगरावर, रानात, बागेत प्रार्थना करत असे. अब्राहामाचा मुलगा इसहाक संध्याकाळी शेतात मनन करायला गेला होता. घरातला एक ठरावीक कोपरा, गच्ची, उपासनेची वेळ नसताना उघडे असलेले प्रार्थनामंदिर, उभी करून ठेवलेली गाडी, काहीही चालेल. जागा एकच असावी एवढे मात्र पाहा. तिथे बसले की आपण कशासाठी आलो आहोत हे शरीराला हळूहळू कळू लागते. आणि घरच्यांना सांगा की ही पंधरा मिनिटे मला हाक मारू नका. हे सांगायला संकोच वाटतो खरा, पण न सांगता दर दोन मिनिटांनी हाक आली की मनात चीड साचते आणि ती घेऊनच आपण देवासमोर बसतो.

खरी तयारी प्रार्थनेच्या आधी होते

यावर मी मुद्दाम जास्त बोलणार आहे, कारण विचलित होण्याचे बहुतेक उपाय आपण प्रार्थनेच्या आत शोधतो आणि दुखणे आधीच्या तासात असते.

पाचव्या शतकाच्या सुरुवातीला योहान कासियनने इजिप्तच्या वाळवंटातल्या ख्रिस्ती तपस्व्यांशी झालेले संवाद लिहून काढले. त्यांत अब्बा इसहाक (‘अब्बा’ म्हणजे पिता) नावाचा तपस्वी म्हणतो की प्रार्थनेत आपण जसे असावे असे वाटते, तसे आधीच व्हायला हवे. कारण प्रार्थनेपूर्वी मनाने जे घेतले तेच गुडघे टेकल्यावर समोर येते. आधीचे संभाषण, आधीचा राग, आधीची थट्टामस्करी. वाळवंटात फोन नव्हता, बातम्या नव्हत्या, तरी त्यांची तक्रार हुबेहूब आपलीच होती. म्हणून प्रार्थनेआधीची निदान दहा मिनिटे पडद्याशिवाय जाऊ द्या. भांडी आवरा, अंथरूण घडी करा, दोन फेऱ्या मारा. मन लगेच शांत होत नाही, पण त्यात नवे काही ओतणे तरी थांबते.

दुसरी तयारी अवघड आहे. कुणाशी तुटले असेल, तर प्रार्थनेत तोच माणूस पुन्हा पुन्हा डोळ्यांसमोर येईल. तुम्ही स्तोत्र म्हणत असाल आणि मन त्याला उत्तरे देत असेल. याला एकाग्रतेच्या युक्त्या लागू पडत नाहीत. मत्तयाच्या पाचव्या अध्यायात येशूचा शब्द अगदी स्पष्ट आहे: वेदीपाशी अर्पण आणले असताना आपल्या भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे हे आठवले, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर, मग ये. म्हणजे मध्येच आलेली ती आठवण देवानेच करून दिलेली असू शकते. शक्य असेल तर त्याच दिवशी त्या माणसाला भेटा किंवा दोन ओळी लिहा. समोरचा तयार नसेल, किंवा त्याच्याजवळ जाणेच धोक्याचे असेल, तर देवाला तसे सांगा आणि त्याच्या भल्यासाठी एक वाक्य मागा. सुरुवातीला ते वाक्य जड जाते. तरी म्हणा.

लपवून ठेवलेल्या पापाचेही असेच आहे. जे देवासमोर काढायचेच नाही असे आपण ठरवले आहे, त्याच्या आसपास मन घुटमळत राहते आणि बाकी सगळ्या विषयांवर बोलते. अशा वेळी प्रार्थनेची सुरुवात कबुलीने करा. गोल गोल शब्द टाळून, घडले ते नाव घेऊन सांगा.

तिसरी तयारी सोपी आहे. जवळ कागद आणि पेन ठेवा. बसण्यापूर्वी मिनिटभरात डोक्यात घोळणारी कामे एकेका शब्दात उतरवून काढा. प्रार्थनेच्या मध्ये एखादे काम आठवले, तर तेही एका शब्दात लिहा आणि पेन खाली ठेवा. ‘बँक’ एवढे पुरते. बँकेत काय काय करायचे हे तिथे लिहायला घेतले की प्रार्थना संपली आणि नियोजन सुरू झाले.

बसण्यापूर्वी क्षणभर उभे राहा

इग्नाशियसचे आध्यात्मिक साधनेचे पुस्तक १५४८ मध्ये छापले गेले. त्यात एक छोटी सूचना आहे आणि ती सहज नजरेतून सुटते. जिथे प्रार्थना करायची त्या जागेच्या एक-दोन पावले अलीकडे, प्रभूची प्रार्थना (‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’) म्हणायला जेवढा वेळ लागतो तेवढा वेळ उभे राहावे, देव या क्षणी माझ्याकडे कसा पाहतो आहे याचा विचार करावा, मग आदराने नमन करावे आणि सुरुवात करावी.

या संपूर्ण लेखातली एकच गोष्ट करून पाहायची असेल तर ही करा. एरवी आपण प्रार्थनेत घाईने शिरतो आणि पहिल्या वाक्यापासून बोलू लागतो. भेट झाल्याशिवाय बोलणे सुरू होते, म्हणून ते बोलणे स्वतःशीच होऊन जाते. इथे पहिला प्रश्न उलटा आहे: मी देवाकडे कसा बघू हे नंतर, तो माझ्याकडे बघतो आहे, हे आधी. काही जणांना ‘देव पाहतो आहे’ म्हटल्यावर धाक वाटतो, परीक्षकासमोर उभे असल्यासारखे. त्यांनी लूकच्या पंधराव्या अध्यायातला, घर सोडून गेलेल्या मुलाचा बाप आठवावा. मुलगा अजून दूर असतानाच त्याने त्याला पाहिले आणि तो धावत सुटला. त्या नजरेखाली उभे राहा.

मग शरीराला जागा द्या. शास्त्रात प्रार्थनेची एकच ठरलेली मुद्रा नाही. शलमोन गुडघे टेकून, हात आकाशाकडे पसरून प्रार्थना करत होता. दावीद परमेश्वरासमोर जाऊन बसला. येशूच्या दृष्टांतातला जकातदार दूर उभा राहिला. गेथशेमानेत येशू पालथा पडला. ज्या स्थितीत जाग राहते आणि आदरही राहतो ती तुमची. गुडघे दुखत असतील तर लक्ष गुडघ्यांकडेच जाईल, तेव्हा खुर्ची घ्या. दोन-तीन संथ श्वास घेतल्याने शरीर निवळते. त्याला याहून जास्त महत्त्व देऊ नका.

पहिले वाक्य मदतीचे असू द्या. रोमकरांस पत्राच्या आठव्या अध्यायात पौल म्हणतो की यथायोग्य प्रार्थना कशी करावी हे आपल्याला कळत नाही, आणि आत्मा स्वतः आपल्यासाठी विनंती करतो. तेव्हा साधेपणाने सांगा: पवित्र आत्म्या, मला प्रार्थना करता येत नाही, तू माझ्यात प्रार्थना कर.

मनाला धरायला शब्द द्या

शांत बसून देवाची वाट पाहणे सुंदर आहे, पण सुरुवात त्याने करू नका. ज्याला धरायला काही नाही ते मन पहिला जो विचार येईल त्याच्याबरोबर जाते. अब्बा इसहाकाने यासाठी स्तोत्र ७० ची पहिली ओळ दिली: देवा, मला सोडव, परमेश्वरा, मला साहाय्य करायला त्वरा कर. सुखात, भीतीत, मोहात, कामात, कुठेही हीच ओळ म्हणत राहावी असे तो सांगतो. पूर्वेकडच्या ख्रिस्ती मंडळ्यांत अशीच एक छोटी प्रार्थना शतकानुशतके चालत आली आहे: ‘प्रभू येशू ख्रिस्ता, देवाच्या पुत्रा, मज पाप्यावर दया कर.’ जपमाळेवर प्रार्थना करणाऱ्यांना हा अनुभव वेगळा सांगायला नको. शब्दसंख्या वाढवण्यासाठी ही पुनरावृत्ती नसते. प्रत्येक वेळी ज्याला हाक मारतो त्याच्याकडे पाहून मारायची असते.

रोजच्या पंधरा मिनिटांसाठी मी एखादे छोटे स्तोत्र सुचवीन. १३१ वे घ्या, त्याच्या तीनच ओव्या आहेत. एकदा मोठ्याने वाचा. आपलाच आवाज कानावर पडला की मनाला पळायला वाव कमी मिळतो. पहिल्या ओवीत स्तोत्रकर्ता म्हणतो की माझे मन गर्विष्ठ नाही, माझ्या आवाक्याबाहेरच्या गोष्टींत मी पडत नाही. इथे थांबा आणि देवाशी बोला: माझ्या आवाक्याबाहेरचे काय काय मी आज डोक्यावर घेतले आहे? नावे घ्या. मुलाचे लग्न, वडिलांचा आजार, कार्यालयातला तो निर्णय. दुसऱ्या ओवीत दूध तुटलेले मूल आईजवळ आहे. दूध पिणारे मूल आईजवळ गेले की दूध मागते. दूध तुटलेले मूल आई हवी म्हणून तिच्याजवळ असते. इथे काही मागू नका. मिनिटभर, दोन मिनिटे नुसते जवळ राहा. मन गेले तर तीच ओवी पुन्हा म्हणा. तिसऱ्या ओवीत इस्राएलाला सांगितले आहे की परमेश्वराची आशा धर. मघाशी घेतलेली नावे आता त्या आशेखाली एकेक करून ठेवा. एवढ्यात पंधरा मिनिटे भरतात.

ल्यूथर त्या न्हाव्याला असेच शिकवत होता. दहा आज्ञांतली एकेक आज्ञा घ्यावी आणि तिच्यातून चार गोष्टी काढाव्यात: ती मला काय शिकवते, मी कशाबद्दल उपकार मानू, काय कबूल करू, काय मागू. आणि त्याच पत्रात तो म्हणतो की चांगल्या न्हाव्याचे डोळे आणि चित्त वस्तऱ्यावर व केसांवर असते; बोलत, इकडेतिकडे पाहत बसला तर तो गिऱ्हाइकाचे नाक कापील, गळाही कापील. एवढी चोख सूचना देऊनही त्याने एक मोकळीक ठेवली. एखाद्या वाक्यापाशी मन भरून आले, विचार उमलू लागले, तर बाकीच्या मागण्या सोडून द्याव्यात आणि गप्प राहून ऐकावे, कारण तिथे पवित्र आत्मा बोलतो आहे. ठरवलेले स्तोत्र पुरे झाले नाही म्हणून काही बिघडत नाही.

मन भटकलेले ध्यानात आले की

काही मिनिटांनी अचानक उमगते की आपण कुठेतरी भलतीकडे आहोत. त्या क्षणी सर्वांत जास्त चुका होतात. आपण चिडतो, स्वतःला बोल लावतो, आणि ‘मी असा कसा’ या विचारात आणखी तीन मिनिटे घालवतो. आता तर देव दोनदा बाजूला पडला. किंवा विचाराशी कुस्ती सुरू करतो: हा विचार नको, नको, नको. तोवर तो विचार आणखी घट्ट बसतो. १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कॅथलिक धर्मशिक्षण ग्रंथात याविषयी एक शहाणा परिच्छेद आहे. विक्षेपांचा, म्हणजे मध्येच येऊन मन दुसरीकडे नेणाऱ्या विचारांचा, पाठलाग करणे म्हणजे त्यांच्याच सापळ्यात सापडणे. हृदयाकडे परतणे पुरेसे आहे. आणि आपण कशात गुंतलो आहोत हे विक्षेपच दाखवून देतो, असे तिथे म्हटले आहे.

म्हणून क्रम असा ठेवा. उमगले की थांबा. जो विचार होता तो एका वाक्यात देवाला सांगा. मग जिथे शब्द सुटला होता तिथून पुढे चला, पहिल्यापासून सुरू करू नका. पहिल्यापासून सुरू केले की प्रार्थना शिक्षेसारखी वाटू लागते.

एक वाक्य कोणते, हे विचारावर ठरते. काम आठवले तर कागदावर एक शब्द. चिंता असेल तर ती झटकू नका, कारण ती प्रार्थनेच्या आड आलेली नाही, तीच आजची प्रार्थना असू शकते. आपली सारी चिंता त्याच्यावर टाका, तो तुमची काळजी घेतो, असे पेत्राच्या पहिल्या पत्रात आहे. ‘प्रभू, उद्याच्या तपासणीची मला भीती वाटते’ एवढे म्हणा. तीच भीती तिसऱ्यांदा आली, तर स्तोत्र बाजूला ठेवा आणि तिच्याविषयीच बोला. माणूस आठवला तर त्याच्यासाठी मागा. मनात कुणाशी भांडण चालले असेल तर ते भांडण देवाला ऐकवा, अगदी कडू शब्दांत. स्तोत्रकर्त्यांनी याहून कडू शब्द वापरले आहेत. वासनेचा किंवा सूड घेण्याचा विचार मात्र उलगडत बसू नका. तिथे ‘प्रभू, दया कर’ म्हणून डोळे उघडा, शब्द मोठ्याने म्हणा, हवे तर उभे राहा.

आणखी एक विक्षेप आहे, तो भक्तीचा वेष घेऊन येतो. वचन वाचताना छान मुद्दा सुचतो आणि तो रविवारी कसा मांडता येईल, अमक्याला कसा लागू पडेल, हे मन जुळवू लागते. पाळक, धर्मगुरू, संडे स्कूलचे शिक्षक आणि प्रार्थनेवर लेख लिहिणारे यांनी इथे जपावे. एक शब्द कागदावर, आणि तो मुद्दा आधी स्वतःला लागू द्या. ‘आज प्रार्थना किती चांगली चालली आहे’ हा विचारही याच जातीचा. तो येतो त्याच क्षणी नजर देवावरून स्वतःवर आलेली असते.

येशू घरी आला असताना पाहुणचारात गुंतलेल्या, आणि बहीण मदत करत नाही म्हणून तक्रार करणाऱ्या मार्थेची गोष्ट मी नेहमी याच संदर्भात वाचतो. तिचे लक्ष उडाले होते ते सेवेमुळे, वाईट कशामुळेही नाही. पण तिने एक गोष्ट योग्य केली: आपली तक्रार ती सरळ येशूकडे घेऊन आली. ‘मार्था, मार्था’ अशी दोनदा नाव घेऊन मारलेली हाक तिला तिथेच मिळाली. कुरकुरत का होईना, तुमचा विक्षेप घेऊन त्याच्याकडे जा.

तेराव्या शतकात धर्मपंडित थॉमस अक्वायनसने हा प्रश्न थेट विचारला होता: लक्ष नसेल तर प्रार्थना व्यर्थ जाते का? त्याचे उत्तर दिलासा देणारे आहे. प्रार्थनेच्या हेतूने सुरुवात केली आणि मग नकळत मन भटकले, तर तिचे फळ हरवत नाही. जाणूनबुजून मन भटकू देणे ही मात्र वेगळी गोष्ट आहे. ज्यांना मुळात शब्दच नीट कळत नाहीत, त्यांचेही लक्ष देवाकडे असू शकते, आणि तेच सर्वांत आवश्यक आहे, असे तो म्हणतो.

झोप येत असेल तर

उभे राहा, चाला, मोठ्याने वाचा. रोजच झोप येत असेल तर वेळ बदला, किंवा रात्री लवकर झोपा. संदेष्टा एलीया झुडपाखाली मरण मागत होता, तेव्हा देवदूताने त्याला आधी झोपू दिले, खाऊ घातले, पुन्हा झोपू दिले, पुन्हा खाऊ घातले. होरेब डोंगरावर देवाची मंद वाणी त्याला ऐकू आली ती त्यानंतर.

इतरांबरोबर प्रार्थना करताना

इथला सर्वांत मोठा अडथळा म्हणजे आपली पाळी. शेजारचा प्रार्थना करत असतो आणि आपण मनात आपली वाक्ये जुळवत असतो. त्यावर उपाय असा की दुसऱ्याच्या प्रत्येक विनंतीला मनात ‘आमेन’ म्हणायचे, म्हणजे ती विनंती आपली होते. आपली पाळी आली की जे येईल ते दोन वाक्यांत बोलायचे. लांब, सुबक प्रार्थनेची कुणीही वाट पाहत नसते. उपासनेत पुढच्या बाकावरची हालचाल डोळ्यांत भरत असेल, तर पुढे जाऊन बसा. बाळ रडले तर त्या बाळासाठी आणि त्याच्या आईसाठी मागा. ती बिचारी आधीच कानकोंडी झालेली असते.

ज्यांना स्थिर बसणेच अवघड जाते

काही जणांचे मन जन्मतःच चंचल असते, काहींना अवधानाचा वैद्यकीय त्रास असतो, काही जण दुःखात किंवा नैराश्यात असतात. त्यांनी पंधरा मिनिटांचा आग्रह सोडावा. इ. स. ४१२ च्या सुमारास बिशप ऑगस्टिनने प्रोबा नावाच्या रोमन विधवेला लिहिलेल्या पत्रात इजिप्तमधल्या बंधूंचा उल्लेख केला आहे. ते वारंवार, पण अगदी थोडक्या आणि बाणासारख्या सोडलेल्या प्रार्थना करत, म्हणजे लांबण लागून जागरूकता बोथट होत नसे. जुन्या करारात पर्शियाच्या राजाच्या सेवेत असलेल्या नहेम्यानेही राजाच्या प्रश्नाला उत्तर देण्याआधी मधल्या क्षणात स्वर्गीय देवाची प्रार्थना केली. दिवसातून सहा-सात वेळा तीस-तीस सेकंद: दार उघडताना, पाणी पिताना, जिना चढताना. चालत प्रार्थना करा, हाताने स्तोत्र उतरवून काढा, देवाला पत्र लिहा. लिहिणाऱ्या हातामागे मन बरेचसे येते.

आणखी एक गोष्ट, आणि ती गांभीर्याने सांगतो. प्रार्थनेत कुणाच्या मनात इच्छा नसताना देवनिंदेचे किंवा किळसवाणे विचार घुसतात आणि त्यामुळे जीव भीतीने अर्धा होतो. न बोलावता आलेला, नकोसा वाटणारा विचार हे पाप नाही. तो दाबण्यासाठी तीच प्रार्थना पुन्हा पुन्हा ‘बरोबर’ म्हणायचा आटापिटा सुरू झाला असेल, तर विश्वासातल्या पाळकाशी किंवा धर्मगुरूंशी बोला, आणि मानसोपचारतज्ज्ञांनाही भेटा. यावर उपचार आहेत. ते घेणे विश्वासाच्या विरुद्ध नाही.

उठण्यापूर्वी

गजर झाला की झटकन उठू नका. प्रभूची प्रार्थना एकदा सावकाश म्हणून निरोप घ्या. मग दोन मिनिटे मागे वळून पाहा. इग्नाशियस यासाठी पाव तास देतो, पण दोन मिनिटेही उपयोगी पडतात. मन कुठे लागले? कुठे सुटले? सुटले त्याचे कारण बाहेरचे होते की आतले? एक ओळ वहीत लिहा. स्वतःला गुण देऊ नका, फक्त काय घडले ते लिहा.

आठवडाभराने त्या ओळी एकत्र वाचा. आवाज, झोप, भूक, फोन अशी कारणे दिसली तर एकच गोष्ट बदला आणि पुढचा आठवडा पाहा. सगळे एकदम बदलायला गेलात तर काय लागू पडले ते कळणार नाही. पण चार-पाच दिवस एकच नाव, एकच भीती किंवा एकच इच्छा पुन्हा पुन्हा दिसत असेल, तर पुढच्या आठवड्यासाठी नवे स्तोत्र शोधू नका. पहिल्या दिवशी नेहमीसारखे दोन पावले अलीकडे उभे राहा, मग बसा आणि सुरुवातच त्या गोष्टीने करा.